अस्मानगिरी

तंजावरला निघाले तेव्हा माझ्या पिशवीत एक अर्धवट भरतकाम होतं. लाकडी कडं, त्यात ताणून बसवलेलं सायीच्या रंगाचं सुती कापड आणि त्यावर कंपासनं आखलेलं गोल मंडल. मधोमध एक फूल, त्याभोवती पानांचं वलय, त्याबाहेर शेंगा आणि बिया, त्याबाहेर पुन्हा पानं. दोरे घ्यायला गेले होते तेव्हा दुकानदारानं लडींचा एक तयार संचच पुढे केला होता. विटकरी, गंजासारखा तांबूस, मोहरीचा पिवळा, वाळल्या गवताचा, आणि जवळजवळ काळा वाटणारा तपकिरी. संचावर 'ऑटम' असं छापलेलं होतं. थंड देशांत हिवाळ्याआधी झाडं ज्या रंगांची होतात ते हे रंग.

आपल्याकडचा शरद असा नसतो. आपला शरद म्हणजे धुतलेलं आकाश, निवळलेलं पाणी आणि नवरात्राच्या घटातले पोपटी अंकुर. पानं झडतात ती शिशिरात, आणि ती झडतात तेव्हा कुणी त्यांच्या रंगाचे दोरे विकत नाही. तंजावरात तर ही पानगळ आणखीच परकी. मी पोहोचले तेव्हा तमिळ पंचांगातला ऐप्पसी महिना चालू होता, म्हणजे आपला आश्विन-कार्तिक. महाराष्ट्रातून पाऊस परतलेला असतो तेव्हा तिथे तो ईशान्येकडून येतो. कावेरीच्या खोऱ्यात भात हिरवागार उभा होता आणि तांबडं म्हणावं असं एक पान दिसत नव्हतं.

आणि तरी माझ्या लडींमधले सगळे रंग तंजावरचेच होते. ते मी पूर्वी एका संग्रहालयात काचेआड पाहिले होते, करुप्पूरच्या साडीच्या एका तुकड्यावर. त्या साडीचा माग काढायलाच मी आले होते. तिचा माग लागला तो असा की ती संपली. पण तिच्या शेजारी, तिच्याच रंगपेटीतून निघालेलं दुसरं एक कापड संपलं नाही. एक का संपलं आणि दुसरं का टिकलं, हा या लेखाचा विषय आहे.

कोडाली करुप्पूर हे गाव खुद्द तंजावर शहरात नाही. कुंभकोणमच्या उत्तरेला, कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे, आजच्या अरियलूर जिल्ह्यात ते येतं. तंजावरच्या भोसल्यांच्या राणीवशासाठी साड्या, राजासाठी धोतरं आणि पागोट्यांची कापडं इथून जात. इतर मराठा घराण्यांना द्यायच्या आहेरातही हे कापड असे.

ते करण्याची रीत ऐकली की ते बाजारात का विकलं जात नव्हतं हे समजतं. आधी बारीक सुताचं कापड मागावर चढायचं. विणतानाच, जिथे नक्षी हवी तिथे आणि तेवढ्यापुरतीच, आडव्या धाग्यासोबत जर घातली जायची. जामदानी म्हणतात ती ही पद्धत. एखाद्या साडीचं काम इथे संपलं असतं. करुप्पूरला ते इथे सुरू व्हायचं. विणलेलं कापड रंगाऱ्यांकडे जायचं. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर रंगीत छीट करण्याची जी जुनी विद्या होती तीच या कापडावर चालवली जायची. हिरडा आणि म्हशीचं दूध यांच्या मिश्रणात कापड भिजवायचं, म्हणजे रंग फुटत नाही. लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या काळ्या पाण्यानं, कलमानं, हातानं रेषा काढायच्या. जे पांढरं राहायला हवं ते मेणानं झाकायचं. लाल हवं तिथे तुरटी, आणि मग चायवेर नावाच्या एका बुटक्या रोपाच्या मुळांच्या काढ्यात कापड उकळायचं. हे रोप किनाऱ्याजवळच्या वाळूत वाढतं. त्याच्या मुळांतून तुरटीशी मिळून जो लाल उतरतो तो कुंकवाचा नाही आणि डाळिंबाचाही नाही. तो विटेचा, गंजाचा, पिकून गळायला आलेल्या पानाचा लाल आहे. मग वाहत्या पाण्यात धुणं, वाळवणं, पुन्हा धुणं.

या सगळ्यातून जर तशीच्या तशी बाहेर येई. गडद तांबड्या-तपकिरी जमिनीखालून ती दिसते. पैठणीची जर समोर येऊन उभी राहते, करुप्पूरची राखेखालच्या निखाऱ्यासारखी आत असते. सोनं घालायचं आणि मग ते रंगानं अर्धं झाकून टाकायचं, याला घेणाऱ्याकडे नुसता पैसा असून भागत नाही. आपल्याकडे सोनं आहे हे दाखवायची गरज नसलेला धनी लागतो.

असा धनी तंजावरात होता. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७० च्या दशकात तिथे राज्यावर बसले आणि घराणं १८५५ पर्यंत राहिलं. यातल्या दुसऱ्या सरफोजीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. १७९८ साली तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानं, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाला वर्षाला १ लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा, आणि किल्ला त्याच्याकडे राहिला.

हा तह करुप्पूरच्या इतिहासात फार महत्त्वाचा वाटतो. ज्या राजाला फौज पोसायची नाही, पाटबंधारे बांधायचे नाहीत, ज्याच्यावर कर वसूल करण्याचं ओझं नाही, पण ज्याच्याकडे दर साल ठरलेली रक्कम येते, तो ती कशावर खर्च करणार? सरफोजीनं ती ग्रंथांवर केली, वैद्यकावर केली, संगीतावर केली, आणि राजेपण टिकवणाऱ्या समारंभांवर केली. त्याच्या चित्रकारांनी औषधी वनस्पतींची रंगीत चित्रं काढली. मूळ, देठ, पान, फूल, फळ सगळं वेगवेगळं आणि ओळखू येईल असं. जवळच तरंगंबाडीला डेन्मार्कची वखार होती. तिथल्या मिशनऱ्यांमध्ये झाडं गोळा करणारे, त्यांना लॅटिन नावं देणारे लोक होते, आणि सरफोजीचं शिक्षण श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झालं होतं. म्हणजे एकाच दरबारात एकाच वेळी झाडाकडे पाहण्याच्या दोन रीती होत्या. कागदावरच्या फुलाला नाव होतं. करुप्पूरच्या कापडावरच्या फुलाला नाव नव्हतं, ते कुठल्याच झाडाचं नव्हतं.

सरफोजी १८३२ साली वारला. त्याचा मुलगा शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात वारला आणि त्याला मुलगा नव्हता. कंपनीनं संस्थान खालसा केलं, आणि राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला की हे सार्वभौम सत्तेचं कृत्य आहे, त्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला आजही शिकवतात. १८६२ साली सरकारनं खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. दागिने, भांडी, कपडे परत येऊ शकत होते आणि आले. परत आलं नाही ते एवढंच: पुढच्या वर्षीचं काम सांगणारं माणूस.

करुप्पूरची साडी कुणी बंद केली नाही. कुणी तिच्यावर बंदी घातली नाही, कुणाचे हात तोडले नाहीत. ती सांगून करून घेणारं घर उरलं नाही. विणकर, जर घालणारा, मेण लावणारा, कलम धरणारा, मुळं आणून देणारा, या सगळ्यांना वर्षभर जोडून ठेवणारा एकच धागा होता, आणि तो किल्ल्यातून येत होता. एकोणिसावं शतक संपता संपता हे काम जवळजवळ थांबलं. उरले ते तुकडे चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे ती साडी पुन्हा विणून पाहण्याचे प्रयत्न झाले, ते याच तुकड्यांकडे बघून.

इथे एक तुलना करावीशी वाटते. १८८० साली तंजावरच्या राजघराण्यातली लक्ष्मीबाई बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना दिली. लग्नानंतर तिचं नाव चिमणाबाई झालं. तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदार बडोद्याला गेले, आणि तंजावरचा नाच गुजरातेत पोहोचला. नर्तकीची विद्या तिच्या अंगात असते. ती पालखीत बसून जाऊ शकते. करुप्पूरची विद्या पाच-सहा घरांत, एका नदीत आणि किनाऱ्याच्या वाळूत वाटलेली होती. ती आंदणात देता येण्यासारखी नव्हती.

एवढं सगळं मनात घेऊन मी मोठ्या देवळापासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत गेले. माझ्याबरोबर तिथेच जन्मलेल्या, घरात मराठी आणि दारात तमिळ बोलणाऱ्या एक काकू होत्या. त्या म्हणाल्या, तुला शिवणकामच पाहायचंय तर देवाचं शिवणकाम बघ. घराच्या पुढच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आणि दोन तरुण जमिनीवर बसले होते. पुढ्यात लाल कापडाचा मोठा चौकोन पसरलेला. मधोमध पिवळ्या कापडातून कातरून बसवलेलं कमळ, पाकळ्यांच्या दोन ओळी, आतली पांढरी, बाहेरची हिरवी. कमळाभोवती वेल. वेलीत पोपट. चार कोपऱ्यांत चार छोटी फुलं. माझ्या कड्यातलं मंडल जणू कुणी खोलीभर मोठं करून ठेवलं होतं.

काकूंनी विचारलं, याला काय म्हणता? त्यांनी जो शब्द उच्चारला तो मला दोनदा ऐकावा लागला. अस्मानगिरी.

हा शब्द आपला आहे. म्हणजे मुळात फारसी, पण जुन्या मराठीत अस्मानगिरी म्हणजे छताला लावायचं कापड, चांदवा. त्याची बहीण आपल्याकडे अजून देवळांत भेटते: अब्दागिरी. फारसीत आफताब म्हणजे सूर्य. सूर्याला अडवते ती आफताबगिरी, जिभेवर झिजून अब्दागिरी झाली आणि छत्रचामरांबरोबर देवाच्या पालखीसोबत चालू लागली. आसमान म्हणजे आकाश. डोक्यावर आकाश धरते ती अस्मानगिरी. मराठी राज्यात डेरे, राहुट्या, कनाती, बिछायती सांभाळणारा फरासखाना असे. हे शब्द दख्खनच्या छावण्यांमध्ये वाढलेले. महाराष्ट्रात तंबूबरोबर अस्मानगिरीही बोलण्यातून गेली. तंजावरच्या शिंप्याच्या तोंडी मात्र ती रोजची आहे, आणि तो मराठी बोलत नाही.

अस्मानगिरीबरोबर तिथे आणखी एक वस्तू शिवली जात होती: तोम्बै. रथाला किंवा देवाच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना टांगायची, लांबट गोल, पोकळ, कापडी लोंबती नळी. तमिळमध्ये तोम्बै म्हणजे धान्याची उंच कणगीसुद्धा, आणि आकार पाहिला की नाव का पडलं हे सांगावं लागत नाही. शिवाय तोरणं, छत्र्यांची कापडं, रथाच्या झालरी. रीत सगळीकडे एकच. कागदाचा साचा ठेवून खडूनं आखायचं, कातरायचं, जमिनीच्या कापडावर बसवायचं, कडेनं दोरी किंवा पट्टी देऊन टाके घालायचे. ॲप्लिक म्हणतात ते हे काम. लाल, पिवळा, पांढरा, हिरवा, काळा असे ठळक रंग. कमळ, याळी, मोर, हंस, हत्ती. जवळून पाहिलं तर टाके मोठे आणि घाईचे वाटतात. पण हे जवळून पाहायचंच नसतं. रथ चालत असतो, गर्दी खाली असते, कापड वर असतं आणि वारा सुटलेला असतो. त्या अंतरावरून जे दिसतं तेवढंच खरं.

मी पिशवीतून माझं कडं काढून दाखवलं. म्हाताऱ्यांनी ते घेतलं आणि आधी उलटं केलं. शिवणकाम करणारा कुणीही मागचीच बाजू बघतो. गाठी नीट होत्या, धागे एकाकडून दुसऱ्याकडे ओढत नेलेले नव्हते. त्यांनी मान हलवली. मग सुलटं करून विचारलं, अम्मा, हे किती वर्षं टिकेल? मी जरा अभिमानानंच सांगितलं की नीट ठेवलं तर माझ्यानंतरही राहील. ते हसले आणि काकूंना काहीतरी म्हणाले. काकू मला सांगायला जरा घुटमळल्या. ते म्हणाले होते, मग पुढच्या वर्षी ही काय करणार?

परतताना माझ्या डोक्यात तेच होतं. मी करुप्पूरसाठी आले होते कारण ते दुर्मीळ आहे. आणि ते दुर्मीळ आहे कारण ते टिकाऊ होतं: मोजक्या अंगांवर, मोजक्या दिवशी, पेटीत घडी घालून ठेवलेलं. देवळाचं कापड उन्हात विटतं, पावसात भिजतं, तुपाच्या धुरानं काळवंडतं, रथाच्या दोरांत अडकून फाटतं. मग ते काढून टाकतात आणि नवं सांगतात. त्याचं फाटणं हेच त्याच्या कारागिराचं पोट. राजाला साडी हवी असेल तर तो सांगेल, नको असेल तर नाही. उत्सवाला 'नको' म्हणता येत नाही, पंचांगात तिथी असते.

तंजावरच्या मोठ्या देवळात ऐप्पसीच्या पौर्णिमेला अन्नाभिषेक होतो. एवढं अवाढव्य शिवलिंग, ते शिजवलेल्या भातानं लिंपतात, आणि मग तो भात काढून वाटून टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा. जपून ठेवण्याचा प्रश्नच नसतो, पुन्हा करण्याचाच असतो. अस्मानगिरी त्याच हिशेबातली आहे, फक्त तिचा दिवस थोडा लांब असतो.

आणि हा हिशेब मराठ्यांच्या आधीचा आहे. त्याच देवळाच्या भिंतींवर राजराज चोळाचे शिलालेख आहेत. १०१४ च्या सुमाराच्या त्या लेखांत देवळाच्या सेवेला आणलेल्या ४०० नर्तिकांची नावं आहेत, त्या कोणत्या गावाहून आल्या आणि त्यांना कोणत्या आळीत घर दिलं हेही आहे. त्यांच्या मागोमाग इतर सेवेकऱ्यांची यादी येते: वादक, हिशेबनीस, छत्र धरणारे, दिवे लावणारे, कुंभार, परीट, न्हावी. आणि शिंपी. प्रत्येकाला दर साल भाताचा ठरलेला वाटा. हजार वर्षांपूर्वी या देवळाला शिंपी लागत होता आणि त्याचं पोट देवळाच्या जमिनीवर चालत होतं. तो नेमकं काय शिवत होता हे दगडात कोरलेलं नाही. पण जिथे देव आहे, छत्र आहे आणि मिरवणूक आहे, तिथे कापड फाटणार आणि कुणीतरी ते शिवणार, एवढं उघड आहे.

त्याच देवळात आपला मराठी शिलालेखही आहे. १८०३ साली सरफोजीनं कोरवून घेतलेला, भोसले वंशाचं चरित्र सांगणारा, भला मोठा. मराठी माणूस तंजावरला गेला की तो बघायला जातो. मीही गेले. ओट्याशी उभं राहून देवनागरी अक्षरं वाचताना, इतक्या दूर आपली भाषा दगडात भेटते म्हणून डोळे भरून येतात, हे खोटं नाही. पण त्या दिवशी मी त्या दोन लेखांमधून एकाकडून दुसऱ्याकडे चालत गेले आणि एक गोष्ट लक्षात आली. चोळांच्या लेखात राजाच्या नावाखाली शिंप्यापर्यंतची माणसं येतात, कारण तो देवळाच्या खर्चाचा लेख आहे. आपल्या लेखात राजांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं येतात, कारण तो वंशाचा लेख आहे. आपण तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास अजूनही बहुधा दुसऱ्या प्रकारेच सांगतो. व्यंकोजी, शहाजी, तुळजाजी, सरफोजी. अमक्यानं संगीताला आश्रय दिला, तमक्यानं चित्रकलेला. 'आश्रय दिला' या दोन शब्दांत कलेचा इतिहास संपतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आश्रय हीच कलेसाठी सगळ्यात मोठी गोष्ट.

करुप्पूरनं मला वेगळं सांगितलं. आश्रय एकाच घराचा असेल तर तो आश्रयच पुढे कलेची मर्यादा होतो. साडी भोसल्यांची होती म्हणून इतकी उंच गेली, आणि भोसल्यांची होती म्हणूनच १८५५ नंतर तिला घर उरलं नाही. अस्मानगिरी शिवणारे राजाचेही होते, पण एकट्या राजाचे नव्हते. भोसले त्यांच्या अनेक गिऱ्हाइकांपैकी एक असणार. त्यांच्याकडून या कामानं शब्द उचलला, कदाचित डेऱ्याचा आकार उचलला, आणि ते गेल्यावर काम चालू ठेवलं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा करुप्पूरच्याच रंगाऱ्यांत सापडतो. साडी गेली, पण कलम गेलं नाही. त्याच पद्धतीनं रंगवलेली देवळाची कापडं, चांदवे, तोम्बै, पडदे या भागात होत राहिले. कुंभकोणमजवळच्या सिक्कलनायक्कनपेट्टैमध्ये हे काम आजही चालतं, आणि २०२१ साली 'करुप्पूर कलमकारी चित्रं' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे एकाच विद्येच्या दोन फांद्या. जिच्यात सोनं होतं ती वाळली, जिच्यावर देवाचा धूर बसत होता ती हिरवी राहिली.

२०१५ साली मोठ्या देवळाचा रथोत्सव सुमारे १०० वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाला. जुना रथ उरलेला नव्हता, नवा बांधावा लागला. पण रथाला लागणारं कापड शिवणारे हात शोधत फिरावं लागलं नसणार. मोठ्या देवळाचा रथ थांबला होता तेव्हा आसपासच्या इतर देवळांचे चालतच होते.

यात गोड मानून घेण्यासारखं सगळं नाही. त्या खोलीत कोपऱ्यात शिलाई मशीन होतं आणि बाहेरच्या रांगेचे टाके तेच घालत होतं. कापडात नायलॉन होतं. दोघा तरुणांपैकी एकानं सांगितलं की रथाचे महिने सोडले तर तो दुसरं काम करतो. आणि एक नुकसान असं आहे ज्याची भरपाई नाही: वापरून संपणाऱ्या कापडाचा इतिहासही संपत राहतो. करुप्पूरचा तुकडा काचेआड आहे म्हणून त्यावर लिहिता येतं, त्याची सुतं मोजता येतात. २०० वर्षांपूर्वीच्या अस्मानगिरीवरचं कमळ कसं होतं, त्याच्या पाकळ्या किती होत्या, त्याचा पिवळा हळदीचा होता की आणखी कशाचा, हे त्या खोलीतल्या माणसांच्या हातांना आजोबांकडून जेवढं आलं तेवढंच. टिकलेल्या कापडामागे कारागीर नाही, आणि टिकलेल्या कारागिरामागे कापड नाही. दोन्ही एकत्र मिळालं असतं तर बरं झालं असतं. तंजावरात ते मिळालं नाही.

निघताना मी म्हाताऱ्यांना विचारलं की अस्मानगिरीच्या मधल्या कमळाला कोणतं फूल समजायचं. पाण्यातलं तांबडं की पांढरं? त्यांना प्रश्न कळला नाही, किंवा काकूंनी तो नीट पोहोचवला नाही. ते म्हणाले, खालून बघ. मी वाकून त्या पसरलेल्या कापडाखाली शिरले, दोघा तरुणांनी दोन कोपरे उचलून धरले. कापडातून उजेड येत होता. लाल जमीन विटकरी दिसत होती, पिवळ्याचा मोहरीचा रंग झाला होता, शिवणीच्या जागा, जिथे दोन-तीन थर होते, तिथे गडद तपकिरी. माझ्या पिशवीतल्या पाचही लडी वर पसरल्या होत्या. देव हे फूल असं, या बाजूनं बघतो.

घरी आल्यावर बाहेरचं वलय पुरं करायला मला दोन महिने लागले. पानं साध्या भरीव टाक्यानं, शेंगांना साखळी टाका, बियांना गाठी. ते चौकटीत घालून भिंतीवर लावायचं असं आधी ठरवलं होतं. काचही मापून आणली होती. मग चारही कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि देव्हाऱ्यावर आतून बांधलं, भरलेली बाजू खाली करून. समईची ज्योत बरोबर मधल्या फुलाखाली येते. एका पाकळीवर आत्ताच काजळी धरली आहे. वर्ष, दीड वर्ष जाईल. दुकानातून पुन्हा दोरे आणले आहेत, या वेळी संच न घेता सुट्या लडी, आणि कंपासनं दुसरं वर्तुळ आखून ठेवलं आहे.